आसनवाडीचा ठिपका

पडद्यावर दोनशे बारा ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक गाव. वर निपाणी, मध्ये बेळगाव, खाली लोंढ्याच्या पलीकडचं रान. नवी गोष्ट ज्या गावाला कळली नाही ते राखाडी, कळली ते तांबडं. नीलमने बटण दाबलं की काळ पळायला लागे. एक सेकंद म्हणजे एक महिना. आधी बेळगाव तांबडं होई, मग उचगाव, मग हमरस्त्यावरची गावं, मग आतली. पण कितीही वेळा चालवलं तरी रानातली आसनवाडी काही केल्या पेटायची नाही. राखाडीची राखाडी.

गोष्ट तशी साधी होती. रताळ्याच्या सरीला एकदा मातीची भर सगळेच देतात. पण रताळं पोसायला लागलं की जमिनीला भेगा पडतात, भेगांतून सोंडेचा किडा आत शिरतो आणि रताळं कडू होतं. तेव्हा परत एकदा माती ओढायची, एक भेग म्हणून उघडी ठेवायची नाही. ह्याला आता सगळा मुलूख ‘दुसरी भर’ म्हणतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ती कुणी देत नव्हतं. मग हे शहाणपण जन्मलं कुठे, कुणी कुणाला सांगितलं, रस्त्याने गेलं की बाजाराने, सोयरिकीने गेलं की फोनने, हे सगळं संगणकात पुन्हा घडवून बघायचं; गेली तीन वर्षं नीलमचं काम हेच. २०१३ साली शहराजवळच्या एका शेतावर दुसऱ्या भरीचं प्रात्यक्षिक झालं होतं, त्याचे फोटोही होते. म्हणून सुरुवात बेळगावच्या ठिपक्यापासून धरलेली.

गावोगाव माणसं पाठवून विचारून आणलेली सालं आणि पडद्यावरची सालं बहुतेक ठिकाणी जुळत होती. सहा गावं थोडी पुढेमागे होती. आणि आसनवाडीपुढे साल लिहिलेलं होतं २०१०. प्रात्यक्षिकाच्या तीन वर्षं आधी!

“चूक आहे ती,” प्रणिता मॅडम म्हणाल्या. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. चिकोडीकडच्या, बोलायला मऊ, कामाला काटेकोर. “शिकवायच्या आधीच कुणी शिकत नाही, नीलम. साल सांगणाऱ्याचं चुकलंय. ती ओळ काढ आणि सोमवारी अहवाल पाठव.”

“मॅडम, एकदा बघून येऊ का?”

“वीस घरांचं गाव. काढलंस तर कुणाला कळणारसुद्धा नाही.”

मॅडम वाईट हेतूने बोलल्या नव्हत्या. पण ‘कुणाला कळणारसुद्धा नाही’ हे वाक्य नीलमच्या बरोबर तिच्या खोलीपर्यंत चालत आलं.

खोली बेळगावच्या शहापुरात, एका यंत्रमागाच्या कारखान्याच्या वर. माग चालू असले की जमीन पायाखाली थरथरायची आणि तिला बरं वाटायचं. खाली कोणीतरी आहे. शनिवारी दुपारी माग बंद झाले की खोली एकदम मोठी व्हायची. त्या शनिवारी तशीच झाली. तिने आसनवाडीच्या ओळीवर बोट ठेवलं, बाजूला ‘काढून टाका’ असं बटण होतंच. दाबायच्या आधी तिने भुजबलीला फोन लावला. निपाणीकडचा हा पोरगेला माणूस. आसनवाडीला तोच जाऊन आला होता.

“आक्का, त्या गावाचं नाव काढू नकासा. वढा वलांडून चालत गेलतो. जळवांनी निम्मं रगत प्यालं माझं.”

“साल नक्की २०१०च म्हणाले?”

“व्हय की. त्याच साली देवळावर पत्रा घातलाय, पत्र्यावर साल रंगवलंय. चुकंल कसं?”

“आणि कुणाकडून कळलं ते? ती जागा मोकळी आहे.”

पलीकडे भुजबली हसला. “मोकळी तुमीच ठेवायला लावलासा! लोक म्हणाले, महाराजांनी सांगितलं. तुमचा नियम काय हुता? देव, गुरू, महाराज असं काय उत्तर आलं तर ते ‘श्रद्धा’ ह्या खोक्यात टाकायचं, मोजायचं न्हाय. टाकलं.”

नियम खरंच तिचाच होता. इकडची माणसं पाऊस पडला तरी देवाने, मुलगा पास झाला तरी गुरूने असं म्हणतात. ते मोजायचं कसं, म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात तो केला होता. तिने आता ते खोकं उघडलं. आत एकतीस उत्तरं होती, एकतीस गावांची. बहुतेक सगळ्यांचं म्हणणं एकच: महाराजांनी सांगितलं, सप्त्यात ऐकलं.

तिने साल आणि महिन्याप्रमाणे गावं खाली-वर लावली आणि वाचू लागली. पाचव्या गावाला ती आपोआप मोठ्याने म्हणायला लागली. पुढचं गाव कुठलं ते तिला पडद्याकडे न बघता ठाऊक होतं.

लहानपणी ती आप्पांसाठी रडायला लागली की आई मांडीवर थोपटत हीच गावं म्हणायची. आज आप्पा अमक्या गावात, परवा तमक्या, मग ओढ्यापलीकडे, मग घरी. इतर पोरांना पाळणे ऐकून झोप लागायची. नीलमला आपल्या बापाच्या सप्त्यांची यादी ऐकून.

*

भावकू महाराज उचगावात एकटेच राहत. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती आणि गळ्याच्या ऑपरेशनला तीन. मृदंगाच्या वर चढणारा त्यांचा आवाज गेला. उरला तो नुसता वारा, जवळ कान नेला तर शब्द व्हायचा. फोनवर तेवढाही पोचायचा नाही. म्हणून बापलेकींनी ठरवून घेतलं होतं: नीलमने बोलायचं, त्यांनी बोटातल्या तांब्याच्या कड्याने फोनवर टिचकी मारायची. एक टिचकी म्हणजे व्हय, दोन म्हणजे न्हाय. जेवलात का? टिक. औषध? टिक. येऊ का? टिक-टिक. काम बुडवू नको, असा त्याचा अर्थ.

त्यामुळे ती न विचारताच गेली. महाराज सोप्यात टाळांना चिंच लावून घासत बसले होते. वाजवायला कोणी नसलेले टाळ इतके चकचकीत, की बघवेना.

“का आलीस गं?” त्यांनी ओठांनीच विचारलं.

तिने यादी पुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, वाचली, आणि मान हलवत राहिले. मग बोट एका जागी टेकलं. “हितं चुकलंय. आधी ओढ्यापलीकडं. मग हे.”

“आप्पा, दुसरी भर तुम्ही सांगत फिरलात?”

“मी सांगणारा कोण? निरोप हुता.”

कीर्तनाला बसणाऱ्याला ठाऊक असतं, खरी गोडी कधी कधी शेवटच्या त्या दोन मिनिटांत असते. चरित्र सांगून झालेलं असतं, आरतीचं ताट पेटत असतं, आणि बुवा वीणेकऱ्याकडे एकदा बघून साध्या आवाजात म्हणतात: मागल्या गावानं तुम्हाला राम राम सांगितलाय. आणि मग त्या गावची खबर. पाऊस कसा आहे, विहिरीला पाणी किती, कुणाच्या गोठ्यात कसला रोग आला आणि कशाने गेला. भावकू महाराजांच्या फडात ही रीत त्यांच्या गुरूपासून. तिला निरोप म्हणत. तिचा एक कडक नियम होता: निरोप गावाच्या नावाने द्यायचा, माणसाच्या नावाने कधीच नाही. नाव घेतलं की माणूस फुगतो, शेजारी रुसतो आणि देवाच्या दारात भाऊबंदकी उभी राहते. म्हणून ‘आसनवाडीकर म्हणतात’ असंच.

महाराज उठले आणि देव्हाऱ्याखालून कापडात बांधलेल्या वह्या घेऊन आले. निरोप विसरू नये म्हणून ते लिहून ठेवत. नीलमने २०१० ची काढली. माघ महिना. बोरूसारखं टोकदार अक्षर: ‘आसनवाडी. काला. रताळ्यास दुसरी भर द्यावी. भेग दिसली की माती. माघापर्यंत रान राखले तरी कीड नाही.’

म्हणजे आसनवाडीला ते कळलं नव्हतंच. आसनवाडीतून ते निघालं होतं. बेळगावला पोचायला त्याला तीन वर्षं लागली, आणि बेळगावने फोटो काढले.

“मग तिथली माणसं महाराजांनी सांगितलं असं का म्हणतात?”

महाराजांनी वही आपल्याकडे ओढून घेतली.

“कारण त्यास्नीबी मीच सांगितलं,” ते म्हणाले. “त्याच सालच्या कार्तिकात परत गेलतो तवा. म्हटलं, तुमचाच निरोप मुलूखभर फिरवून आलोय. समद्यांनी माना डोलावल्या. कुणाचा निरोप ते एकाबी बाप्याला ठावं न्हवतं. एका बाईनं सांगितलं हुतं मला. पंगतीत वाढताना. मी नाव घेतलं न्हाय.”

“नाव आठवतं?”

“गुणाबाई. तिसऱ्या रांगंत बसायची. भिंतीला.” त्यांनी वही मिटली. “त्या तुझ्या यंत्रात नाव घालता येतंय?”

नीलमने तिथूनच मॅडमना फोन केला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

“वहीत त्या बाईचं नाव आहे?”

“नाही. गावाचं आहे.”

“आणि वही तुझ्या वडिलांची. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू? त्या बाईंना भेट. त्या स्वतः, आपणहून, तेच सांगत असतील तर ओळ राहू दे. नाहीतर सोमवारी काढायची.”

महाराजांनी दोन टिचक्या मारल्या. नीलमला वाटलं, ‘जाऊ नको’ म्हणतायत. पण त्यांना ‘एकटी जाऊ नको’ म्हणायचं होतं; ते आधीच खुंटीवरचा शेला काढायला उठले होते. मग शेला हातात घेऊन तसेच उभे राहिले. “मुक्या माणसानं कीर्तनाच्या गावाला जायाचं म्हंजे...” वाक्य पुरं न करता त्यांनी शेला परत खुंटीला टांगला, आणि नुसतीच टोपी घातली.

*

रविवारी भुजबलीने चुलत्याची गाडी आणली. ओढ्यापाशी गाडी थांबली, पुढे पायवाट. “जळवा न्हाईत आता, थंडी हाय,” तो म्हणाला, आणि दर दहा पावलांना पायाकडे बघत चालला.

गुणाबाईचं घर गावाच्या शेवटी, रानाला लागून. तिथून पुढे वाट नव्हती. सत्तरीची किडकिडीत बाई ओट्यावर रताळी निवडत बसली होती. तिने महाराजांना ओळखलं, पदर सावरला, पाया पडली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

“बोला की, महाराज. आवाज कुठं ठिवून आलासा?”

“डॉक्टरानं काढून घेतला,” महाराज ओठ हलवून म्हणाले. नीलमने ते मोठ्याने सांगितलं.

“आन् परत मागितला न्हाय? तुमीबी लई भोळं.” मग हळूच, “तरीच. तीन माघ झालं. कोन एक नवा बुवा येतोय, गातोय झ्याक. पर कुटनं आला आन् कुटं जाणार, कायबी सांगत न्हाय. आरती झाली की मोबाईल काढतोय.”

नीलमला विचारायचं होतं ते सरळ विचारायचं नव्हतं. शब्द गुणाबाईच्या तोंडात घालायचे नव्हते. तिने टोपलीतलं एक रताळं उचललं. “किडकं एकही नाही, मावशी?”

“असंल कसं? भेगा बुजवत्यात की.”

“कधीपासून?”

“हे गेलं त्याच्या दुसऱ्या सालापासनं.” गुणाबाईने भिंतीवरच्या फोटोकडे नुसती हनुवटी केली. “काढणीला माणूस मिळंना. रताळी तशीच रानात. एकटीनं किती खणायची? डुकरं यायची, म्हून बांधावर बसून राखायची मी. दिसभर बसून करायचं काय? कुनाशी बोलायचं? जमिनीला भेग दिसली की उठायचं, मूठभर माती लोटायची. परत बसायचं. पोराचं पांघरूण सारखं करावं तसं. पोर न्हवतं, म्हून मातीचं. माघात खणली तर शेजाऱ्याची समदी कडू आन् माझी गोड. मला तरी कुटं ठावं हुतं, औषध ते हुतं म्हून?”

“गावात सांगितलं नाही कुणाला?”

“कुनी इचारलं?” तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “ह्यांनी इचारलं. काल्याच्या पंगतीत मी रताळं वाढलं, तर म्हणालं, गुणाबाई, एकबी किडकं कसं न्हाय गं? इचारलं, म्हून सांगितलं.”

भुजबली खिशातून कागद काढून भराभर लिहून घेत होता. पहिल्यांदाच त्याने विचारणाऱ्याचं नावही लिहिलं, सांगणारीचंही.

महाराज खाली वाकले. बोलायचं होतं ते त्यांना नीलमकडून वदवून घ्यायचं नसावं. त्यांनी तोंड गुणाबाईच्या कानाशी नेलं. तरी ते नीलमला ऐकू आलं. “मी तुझं नाव घेतलं न्हाय. गावाचं घेतलं. नेम हुता. पर राहून गेलं.”

“घेतलं असतं तर कोन ऐकनार हुतं?” गुणाबाई म्हणाली. “रांडमुंड बाईची अक्कल म्हून सोडून दिलं असतं. बरं केलंसा.” आणि थोड्या वेळाने, रताळ्याची माती नखाने खरवडत: “पर एकदा घ्यायला पायजे हुतं.”

नीलमने ओट्यावर लॅपटॉप उघडला. बेळगावावरची सुरुवात काढली, आसनवाडीवर ठेवली. मग एक नवा ठिपका केला, पिवळा. बाकीचे सगळे जागच्या जागी, हा तेवढा चालणारा. यादीतल्या क्रमाने, ओढ्यापलीकडचं गाव आधी घेऊन, त्याला वाट घालून दिली. आणि बटण दाबलं.

रानात एक ठिपका तांबडा झाला. एकटाच, बराच वेळ. मग पिवळा तिथून निघाला. तो ज्या गावी टेकेल ते गाव काही महिन्यांनी तांबडं, मग त्या गावाच्या आजूबाजूची. पुढेमागे पडलेली ती सहा गावं आपापल्या सालाला हजर झाली. बेळगाव कितीतरी उशिरा उजळलं.

“हे तांबडं काय म्हनायचं?” गुणाबाईने विचारलं.

“तिथल्या लोकांना तुमची युक्ती कळली.”

ती पुढे सरकली. पदराच्या टोकाने तिने पडद्यावरची धूळ पुसली, जणू धुळीमुळे जास्त दिसत असतील. “एवढी गावं?”

“दोनशे बारा.”

गुणाबाई बघत राहिली. “एवढी माणसं,” ती म्हणाली. “आन् चहाला म्हून एकबी आलं न्हाय कधी.”

भुजबली हसायला लागला आणि मध्येच थांबला. महाराजांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते आवाजाशिवाय कळत नव्हतं.

पडद्यावर साल पुढे सरकत होतं. पिवळा ठिपका उचगावाशी आला आणि उभा राहिला.

“ह्यो का थांबला?” गुणाबाईने विचारलं. नीलमने कोपऱ्यातल्या सालावर बोट ठेवलं, तीन वर्षांपूर्वीच्या. मग तिने महाराजांकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

निघताना तिने पिशवीभर रताळी दिली. वाटेपर्यंत आली. “महाराज, अजून एक हुतं. डुकरांचं. रानाच्या कडंनं हळदीची एक वळ लावली मी. चार सालं झाली, तेवढ्या अंगानं डूक्कर शिरलं न्हाय. खरं-खोटं देवाला ठावं, पर शिरलं न्हाय. कुनाला सांगू?”

महाराजांचा हात सवयीने वर उठला आणि गळ्याशी जाऊन थांबला.

ओढा ओलांडून वळून पाहिलं तर ती तिथेच होती. रताळ्याच्या रानाच्या कडेला, कमरेवर हात, वाट संपते तिथे.

*

महाराजांना उचगावी सोडून नीलम दिवेलागणीला शहापुरात पोचली. रविवार होता, माग बंद. मॅडमना तिने गुणाबाईचे शब्द जसेच्या तसे पाठवले. थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘ओळ ठेव. तो श्रद्धेचा नियम काढ, एकतीसही उत्तरं मोज. सुरुवात आसनवाडी. व्यक्तीचं नाव अहवालात घालता येत नाही, ते तुला माहीत आहे.’

माहीत होतं. ठिपक्यांना आकडे असतात. आसनवाडी एकशे ऐंशी होती. पण पडद्यामागे, जिथे यंत्राला हुकूम लिहून दिलेले असतात, तिथे पहिल्या ठिपक्याला काहीही म्हणता येतं. तिने आकडा खोडून तिथे ‘गुणाबाई’ लिहिलं. एकदा चालवून बघितलं. यंत्राने काही हरकत घेतली नाही. तिथे कधी कुणी बघणार नव्हतं.

अहवाल पाठवून झाल्यावर तिने बटण परत दाबलं आणि पुढची सालंही पळू दिली. अजून न आलेली. पिवळा ठिपका उचगावात उभा. आसनवाडीत तिने ह्या वेळी नवी गोष्ट घातली होती, हळदीची ओळ. तेवढा एक ठिपका तांबडा झाला आणि गोष्ट तिथेच राहिली, पुढच्या माघात, त्याच्या पुढच्या माघात. नीलमने पडदा मिटला आणि आप्पांना फोन लावला.

“जेवलात?”

टिक.

“काय, रताळं?”

टिक.

त्यांच्या बाजूने टाळ घासल्याचा आवाज येत होता. नीलमने घसा साफ केला. ती कधी कुणासमोर उभी राहून बोललेली मुलगी नव्हती. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी ती उठून उभी राहिली.

“उचगावकरांना आसनवाडीनं राम राम सांगितलाय,” ती म्हणाली. “आसनवाडीच्या गुणाबाईनं. थंडी बरी आहे. रताळी गोड आहेत. रानाच्या कडेनं हळदीची एक ओळ लावावी, त्या अंगानं डुक्कर शिरत नाही, असं तिचं म्हणणं आहे. गुणाबाईचं.”

पलीकडे घासणं थांबलं. तिने एक टिचकी येईल म्हणून वाट पाहिली. दोन येतील म्हणूनही पाहिली. मग कडं फोनवर वाजायला लागलं, आधी हळू, मग ठाशीव. आरती सुरू व्हायच्या आधी मृदंगावर जो ठेका धरतात तो. ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या ऐकत राहिली.